चाळीस लाख हातांना काम : अमेरिकेतल्या १९३३-३४ च्या हिवाळ्याचं प्रकरण

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा महामंदीमुळे तिथल्या दर चार कामगारांमागे एक जण बेकार होता. सव्वा कोटीच्या पुढे माणसं कामाच्या शोधात होती आणि यातल्या कित्येकांच्या घरी दोन-दोन, तीन-तीन वर्षं पगार आला नव्हता. १९३० पासून नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या होत्या. ठेवींना विमा नव्हता, त्यामुळे बँकेबरोबर आयुष्यभराची पुंजीही गेली. आयोवात मक्याचा भाव इतका पडला होता की काही शेतकऱ्यांना कोळसा विकत घेण्यापेक्षा शेगडीत मका जाळणं स्वस्त पडत होतं.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत रूझवेल्ट सरकारने जे केलं त्याला ‘न्यू डील’ म्हणतात. त्यात बँकांचं नियमन होतं, शेतीला अनुदान होतं, टेनेसी खोऱ्यातली धरणं होती आणि म्हातारपणाचं निवृत्तिवेतनही होतं. यातल्या प्रत्येकावर भरपूर लिहिलं गेलं आहे. बेकारांना थेट सरकारी काम देणारी सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे सीडब्ल्यूए, मात्र बहुतेक पुस्तकांत एका परिच्छेदात उरकली जाते. ही यंत्रणा ९ नोव्हेंबर १९३३ ला जन्मली आणि ३१ मार्च १९३४ ला बंद झाली. पुरते पाच महिनेही ती जगली नाही. माझ्या मते न्यू डीलचा गाभा समजून घ्यायचा तर हेच प्रकरण आधी वाचायला हवं. संकटातल्या माणसाला सरकारने हात द्यायचा तो कोणत्या नात्याने, दाता म्हणून की काम देणारा मालक म्हणून, हा प्रश्न इतक्या उघडपणे इतर कुठे सामोरा आला नाही.

मदत होती, पण कशी

मागचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचं मत पक्कं होतं की गरिबांना मदत करणं हे धर्मादाय संस्थांचं, गावाचं आणि फार तर राज्याचं काम आहे. केंद्राने थेट पैसा वाटला तर माणसं परावलंबी होतील, असं त्यांना वाटे. जुलै १९३२ मध्ये फार ओढाताण झाल्यावर राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलर मिळाले, तेही कर्जाऊ. तोवर शहरांच्या तिजोऱ्या आटल्या होत्या आणि धर्मादाय संस्थांनीही हात टेकले होते.

रूझवेल्ट सरकारने १२ मे १९३३ ला ५० कोटी डॉलरचा मदतनिधी मंजूर करून घेतला. हे पैसे कर्जाऊ नव्हते, अनुदान होतं. ते वाटायला हॅरी हॉपकिन्स यांना आणलं. आयोवातल्या एका खोगीर-साज विकणाऱ्याचा हा मुलगा. महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर तो न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत समाजकार्यकर्ता म्हणून काम करू लागला आणि रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना तिथलं राज्य मदत खातं त्याने चालवलं होतं. वॉशिंग्टनला रुजू झाले त्या दिवशी हॉपकिन्स यांची खोलीसुद्धा तयार नव्हती. व्हरांड्यात टेबल टाकून ते बसले आणि पहिल्या दोन तासांत त्यांनी ५० लाख डॉलरच्या वर रक्कम राज्यांना रवाना केली. पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं की अमुक एक योजना दीर्घकाळात आपोआप फळ देईल. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: माणसं दीर्घकाळात जेवत नाहीत, ती रोज जेवतात.

पैसा पोचू लागला, पण ज्या वाटेने पोचत होता ती वाट अपमानाची होती. मदत हवी असेल तर स्थानिक कचेरीत जाऊन आपण कंगाल आहोत हे सिद्ध करावं लागे. मग तपासनीस घरी येई, स्वयंपाकघरातली कपाटं उघडून पाही, भाऊ-मेहुणे काही देतात का ते विचारी, शेजाऱ्यांकडे चौकशी करी. विमा असेल तर मोडा, मोटार असेल तर विका. एवढं झाल्यावरही हातात रोख पैसे पडतीलच असं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी किराण्याची चिठ्ठी मिळे. ठरलेल्या दुकानात ती दाखवायची आणि यादीत असेल तेवढं घ्यायचं. दुकानात मागे रांगेत उभ्या असलेल्या ओळखीच्यांना ती चिठ्ठी दिसायची. काही राज्यांच्या घटनांत तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या ‘कंगाला’ला मताचा अधिकार नाही, असं कलमच होतं.

एका बाजूला ही चौकशी होती, तर दुसऱ्या बाजूला मोठ्या बांधकामांची योजना अडून बसली होती. जूनमध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी ३३० कोटी डॉलर मंजूर झाले होते आणि ते गृहमंत्री हॅरॉल्ड इकीज यांच्या हाती होते. अमेरिकेत या खात्याकडे सरकारी जमिनी, जंगलं आणि खाणी असतात. इकीज कमालीचे प्रामाणिक आणि कमालीचे संशयी होते. प्रत्येक कंत्राट, प्रत्येक नकाशा ते स्वतः तपासत. ठेकेदारांनी एक डॉलरही खाऊ नये, हा त्यांचा आग्रह रास्तच होता, आणि त्या खात्याने पुढे उभे केलेले पूल आणि धरणं आजही वापरात आहेत. पण धरणाचे आराखडे व्हायला, निविदा निघायला वर्ष जातं. ऑक्टोबर उजाडला तरी त्या पैशातून फार थोड्यांना काम मिळालं होतं आणि हिवाळा तोंडावर आला होता.

खाली प्रत्यक्षात काय चाललं आहे ते कळावं म्हणून हॉपकिन्स यांनी लोरेना हिकॉक या वार्ताहर बाईंना देशभर फिरायला पाठवलं होतं. त्यांना सांगणं एवढंच होतं की मला आकडे नकोत. पाद्री, शिक्षक, दुकानदार, कामगार, शेतकरी यांच्याशी बोला आणि जे दिसेल ते कळवा. ऑक्टोबरच्या अखेरीस हिकॉक नॉर्थ डकोटात पोचल्या. कित्येक हंगाम नापिकीत गेलेले तिथले शेतकरी मदतीची चौकशी करायला एका छोट्या चर्चजवळ जमले होते. अंगावर झिजलेले, विरलेले कपडे आणि बोचरा वारा. बोलणं आटोपून हिकॉक बाहेर आल्या तर त्यांची मोटार काचा बंद करून बसलेल्या शेतकऱ्यांनी भरलेली. माफी मागत ते म्हणाले, जरा ऊब मिळावी म्हणून आत शिरलो होतो. ही माणसं जन्मभर स्वतःच्या जमिनीत राबलेली होती. हे असं वर्णन टेबलावर आलं की अर्जाचा नमुना सुधारून भागणार नाही, हे कुणालाही कळलं असतं.

एका दुपारचा निर्णय

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हॉपकिन्स यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी रूझवेल्ट यांच्यासमोर प्रस्ताव मांडला. इकीज यांच्या निधीतले पैसे तात्पुरते वळवायचे, केंद्राने स्वतः मालक व्हायचं आणि हिवाळाभर लोकांना थेट मजुरीवर ठेवायचं. किती माणसं? चाळीस लाख. रूझवेल्ट यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि ४० कोटी डॉलरवर होकार दिला. ९ नोव्हेंबरला अध्यक्षीय आदेश निघाला.

आदेशातल्या तरतुदी थोड्या होत्या, पण प्रत्येकीला वजन होतं. चाळीस लाखांपैकी अर्धे मदतीच्या यादीतून घ्यायचे होते. उरलेले वीस लाख मात्र यादीत नसलेले बेकार असणार होते, आणि त्यांची कसलीही चौकशी होणार नव्हती. काम नाही आणि काम करायची तयारी आहे, एवढं पुरे. इतक्या मोठ्या प्रमाणावर कुणीही कंगालपणाचा दाखला न मागता काम देऊ केलं, ही त्या देशातली पहिलीच वेळ होती.

मजुरीही ‘मदत’ म्हणून बेतलेली नव्हती. इकीज यांच्या बांधकामांना ठरवलेले दर इथे लावले. अकुशल मजुराला दक्षिणेत तासाला ४० सेंट, मध्य भागात ४५ आणि उत्तरेत ५०. कुशल कारागिराला एक डॉलर ते एक डॉलर २० सेंट. आठवडा ३० तासांचा. म्हणजे साध्या बिगाऱ्यालासुद्धा आठवड्याला १२ ते १५ डॉलर मिळणार होते. त्याच वर्षी मे महिन्यात मदतीवरच्या एका कुटुंबाला सरासरीने अख्ख्या महिन्यात सुमारे १५ डॉलर मिळत होते. सरकारी मदतीच्या कामांमुळे बाजारातली मजुरी पडेल, ही कामगार संघटनांची जुनी भीती होती. या दरांमुळे त्यांचा विरोध मावळला.

माणसं, फावडी आणि पगाराचे धनादेश

१५ नोव्हेंबरला राज्यांचे गव्हर्नर, महापौर आणि मदत अधिकारी यांना वॉशिंग्टनला बोलावून योजना समजावून दिली. नवं खातं उभारायला वेळ नव्हता, म्हणून राज्यांच्या मदत कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांनाच केंद्राचे अधिकारी म्हणून नेमलं. गावाने काम सुचवायचं, राज्याच्या कचेरीने मंजूर करायचं. काम सार्वजनिक जागेवर हवं, ताबडतोब सुरू होण्याजोगं हवं आणि त्यात यंत्रांपेक्षा हात जास्त लागायला हवेत, एवढ्याच अटी. खर्चाचा सुमारे ९० टक्के वाटा केंद्राचा होता.

सरकारी कामाचा ज्यांना थोडाही अनुभव आहे त्यांना ठाऊक असतं की माणूस नेमणं सोपं, त्याचा पगार वेळेवर काढणं अवघड. लाखो लोकांचं हजेरीपत्रक गोळा करून दर आठवड्याला पगार काढायचा, तोही पुढच्या आठवड्यापासून. अशी सोय असलेली एकच कचेरी केंद्राकडे होती: माजी सैनिकांना निवृत्तिवेतन वाटणारी. देशभर तिच्या शाखा होत्या आणि धनादेश काढायची सवय होती. तिलाच हे काम दिलं. फावडी, कुदळी कमी पडल्या तेव्हा लष्कराची गोदामं उघडली.

२३ नोव्हेंबरला, आदेशाला दोन आठवडे होत असताना, आठ लाखांवर लोकांचा पहिला पगार निघाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकडा वीस लाखांजवळ गेला आणि जानेवारीच्या मध्यावर ४२ लाखांच्या पुढे. लष्कराने जॉन ली नावाच्या अधिकाऱ्याला या यंत्रणेचा अभ्यास करायला सांगितलं होतं. पहिल्या महायुद्धात दीड वर्षात जेवढी माणसं सैन्यात घेतली, जवळपास तेवढी या खात्याने दोन महिन्यांत कामावर लावली, असं त्याने नोंदवलं आणि हॉपकिन्स यांच्या कामाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली.

पगाराच्या दिवशी काय घडलं याची एक साक्ष मला फार बोलकी वाटते. रूझवेल्ट यांचे सहकारी फ्रँक वॉकर देशभर पाहणी करत आपल्या मोंटाना राज्यात गेले. तिथे त्यांना आपले जुने मित्र भेटले, एके काळचे सुखवस्तू व्यावसायिक. ते गटाराच्या नळांसाठी चर खणत होते आणि अंगात ऑफिसचे कोट होते, कारण दुसरे कपडे घ्यायला पैसे नव्हते. एकाने खिशातली नाणी काढून दाखवली. दीड वर्षात खिशात आलेला हा पहिला पैसा, तोवर नुसत्या किराण्याच्या चिठ्ठ्या, असं तो म्हणाला. दुसऱ्याने जे सांगितलं ते ऐकून वॉकर हादरले. शिल्लक संपलेली, विकण्याजोगं सगळं विकलेलं आणि पोरं उपाशी. तो पावाच्या दुकानासमोर उभा राहून विचार करत असे की दगड उचलून ही काच फोडायची आणि पाव घेऊन घर गाठायचं, ही वेळ आता किती दिवसांवर आली आहे. वॉकर यांनी परत आल्यावर रूझवेल्ट यांना सांगितलं की टीकाकारांकडे फारसं लक्ष देऊ नका. बंड हा शब्द वाईट आहे, पण आपण निदान त्याच्या धोक्याच्या फार जवळ गेलो होतो.

त्या हिवाळ्यात काय उभं राहिलं

कामं बहुतेक साधी होती. सुमारे अडीच लाख मैल रस्ते बांधले किंवा दुरुस्त केले. चाळीस हजार शाळांची बांधणी, डागडुजी किंवा रंगरंगोटी झाली. सव्वा कोटी फुटांच्या आसपास गटारांचे नळ घातले गेले आणि हजाराजवळ विमानतळ बांधले किंवा सुधारले गेले. दक्षिणेतल्या खेड्यांत दीड लाखाच्या घरात संडास बांधले आणि हिवतापाचे डास जिथे वाढत त्या दलदलींतलं पाणी काढलं. संडासाच्या कामाची तेव्हा थट्टा झाली. जिथे दर उन्हाळ्यात हगवणीने आणि विषमज्वराने पोरं मरत, तिथे त्या लाकडी खोपटांची किंमत किती, हे थट्टा करणाऱ्यांना कळत नव्हतं.

फक्त कुदळ-फावड्याचंच काम नव्हतं. पन्नास हजारांच्या आसपास शिक्षकांना पगार देऊन पैशाअभावी बंद पडणाऱ्या खेड्यांतल्या शाळा चालू ठेवल्या. बेकार वास्तुविशारदांना जुन्या इमारतींची मोजणी करून नकाशे काढायला लावलं. त्यातून सुरू झालेली ऐतिहासिक वास्तूंची नोंदवही आजही चालू आहे. जॉर्जियात मेकनजवळ ऑकमल्गीचे प्राचीन टेकाड उकरायला मजूर दिले, आणि तिथलं उत्खनन पुढे अमेरिकी पुरातत्त्वाच्या मोठ्या कामांत गणलं गेलं. साडेतीन हजारांहून अधिक चित्रकार-शिल्पकारांना आठवड्याचा पगार मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमधली भित्तिचित्रं त्याच पैशातली. कलावंतांना कशाला, या प्रश्नावर हॉपकिन्स यांचं म्हणणं एवढंच होतं की त्यांनाही इतरांसारखी भूक लागते.

९ फेब्रुवारी १९३४ ला न्यूयॉर्कचा पारा शून्याखाली २६ अंश सेल्सियसवर गेला. त्या शहरातला तो आजवरचा नीचांक आहे. अशा दिवसांत गोठलेल्या जमिनीत कुदळ मारणाऱ्या माणसांबद्दल ‘पालापाचोळा गोळा करायचे पैसे’ असं वर्तमानपत्रांत लिहून येत होतं.

टीकेत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. घाईघाईत मंजूर झालेल्या कामांत काही निव्वळ हात गुंतवण्यापुरती होती. काही ठिकाणी माणसं आली पण अवजारं आली नाहीत, आणि टोळ्या दिवसभर शेकोटीपाशी बसून राहिल्या. स्थानिक पुढाऱ्यांनी आपल्या माणसांना मुकादम केलं, सामानाच्या खरेदीत हात मारला. हॉपकिन्स यांनी तपासणी अधिकारी नेमले, काही ठिकाणी लष्करी अभियंते आणून बसवले आणि तक्रारी स्वतःहून वर्तमानपत्रांसमोर मांडल्या. इकीज यांची सावधगिरी आणि हॉपकिन्स यांची घाई यांतलं बरोबर कोणतं, असा वाद नेहमी घातला जातो. धरण बांधताना इकीज बरोबर होते. जानेवारीत उपाशी पोराला खायला घालताना थोडी गळती सोसूनही घाईच करायला हवी होती, यात मला शंका नाही.

कोण बाहेर राहिलं

बायकांचा वाटा फारच तोकडा राहिला. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी २० नोव्हेंबरला व्हाइट हाउसमध्ये बेकार स्त्रियांच्या प्रश्नावर परिषद घेतली, स्वतंत्र विभाग निघाला, शिवणकाम, परिचर्या, ग्रंथालय अशी कामं शोधली गेली. तरी कामगारांत स्त्रिया शंभरात सात-आठच्या वर गेल्या नाहीत. बेकार म्हणजे पुरुष, ही समजूत योजनेच्या रचनेतच मुरलेली होती. रस्ता आणि गटार हीच ‘खरी’ कामं धरली की असं होणारच.

दक्षिणेत वेगळाच संघर्ष पेटला. कापसाच्या शेतावर मजूर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबे आणि त्याच्या हाती ५० सेंट किंवा त्याहून कमी पडत. सरकारी चर खणायला गेला तर तासाला ४० सेंट. जमीनदार खवळले. जॉर्जियाचे गव्हर्नर यूजीन टॅलमॅज यांनी एका शेतकऱ्याचं तक्रारपत्र थेट रूझवेल्ट यांच्याकडे धाडलं: सरकारी खड्ड्यावर काम करण्याचं नाटक करून एवढे पैसे मिळत असतील तर दिवसभर खेचरामागे नांगर धरायला कोण येईल? जॉर्जियातल्या मदतकार्याचा ताबा अखेर हॉपकिन्स यांनी केंद्राकडे घेतला.

या भांडणात मजुरी एवढाच मुद्दा नव्हता. शेतावरचे ते मजूर फार मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते, आणि त्यांना दुसरीकडे जायला वाट नसणं यावरच तिथली सगळी शेती उभी होती. ४० सेंटांचा दर म्हणजे त्यांना पहिल्यांदाच ‘नाही’ म्हणायची मुभा. कागदावर योजनेत वर्णभेदाला जागा नव्हती. प्रत्यक्षात नेमणुका स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. कुशल कृष्णवर्णीय गवंडी, सुतारसुद्धा अकुशल म्हणून नोंदवले गेले आणि कित्येकांना दारातूनच परत पाठवलं गेलं. नॉर्थ डकोटाच्या शेतकऱ्यांबद्दल इतक्या कळवळ्याने लिहिणाऱ्या हिकॉक जानेवारीत जॉर्जियात गेल्या, तेव्हा त्यांच्या अहवालांत गोऱ्या जमीनदारांची भाषा आणि पूर्वग्रह जसेच्या तसे उतरले. हे वाचताना वाईट वाटतं, आणि सरकारच्या कानापर्यंत कुणाचं दुःख कुठल्या वाटेने पोचत होतं तेही कळतं.

आदेशाने उभं राहिलं, आदेशाने मोडलं

चाळीस कोटी डॉलर जानेवारीतच संपत आले. जानेवारीच्या मध्यात तास कापले: शहरांत आठवड्याला २४, खेड्यांत १५. दक्षिणेतल्या खेड्यात १५ तासांचे ४० सेंटप्रमाणे सहा डॉलर होतात, म्हणजे पहिल्या पगाराच्या निम्मे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, फेब्रुवारीत ९५ कोटी डॉलर दिले, पण त्यात हिवाळा पार पाडायचा आणि पुढच्या वर्षभराची मदतही भागवायची होती.

रूझवेल्ट यांनी योजना बंद करायचं ठरवलं होतं. अंदाजपत्रकाचे संचालक लुइस डग्लस तुटीच्या आकड्यांनी धास्तावले होते. दक्षिणेतले खासदार मजुरीच्या दरांवर नाराज होते, उद्योगपतींना सरकार मालक झालेलं बघवत नव्हतं. यांच्याइतकीच रूझवेल्ट यांच्या मनातली एक शंका महत्त्वाची होती. लोकांना या कामांची सवय झाली तर सरकारला ती कायमची द्यावी लागतील, आणि मंदी कायम राहणार असं गृहीत धरून आपण वागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ऊन पडलं की कुणी उपाशी मरत नाही, या अर्थाचंही ते बोलले. फेब्रुवारीच्या मध्यापासून दक्षिणेत आणि शेतीच्या भागांत माणसं कमी करायला सुरुवात झाली आणि ३१ मार्चला सगळीकडचा कारभार आवरला. काढलेल्या कामगारांनी मोर्चे काढले, वॉशिंग्टनला पत्रांचा ढीग पडला. हॉपकिन्स यांना हे मान्य नव्हतं, तरी ज्या झपाट्याने त्यांनी माणसं लावली होती त्याच झपाट्याने ती काढली.

केंद्राचे यात ८५ कोटी डॉलरच्या आसपास गेले. देशाच्या वार्षिक उत्पन्नाशी तुलना केली तर हे दीड-पावणेदोन टक्के होतात. मंदी यातून हटणार नव्हतीच. १९३३ च्या अखेरीसच ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या खुल्या पत्रात रूझवेल्ट यांना कर्ज काढून याहून बराच जास्त खर्च करायचा सल्ला दिला होता. सीडब्ल्यूएचं मोजमाप मंदी गेली की नाही यावर करणं चूक आहे. बेकाराला काम देणं खरोखरच शक्य आहे का, आणि किती दिवसांत, याचं उत्तर तिने दिलं. त्याआधी अमेरिकेत इतक्या मोठ्या प्रमाणावर ते कुणी करून पाहिलं नव्हतं.

तिची खरी उणीव मला वेगळीकडे दिसते. कामाचा हक्क कुणालाही मिळाला नव्हता. काम मिळालं ते अध्यक्षांच्या आदेशामुळे, म्हणून ते आदेशानेच गेलं. काढलेल्या मजुराला कुठल्या कचेरीत, कुठल्या कलमाखाली दाद मागायची, याला उत्तर नव्हतं. मराठी वाचकाला इथे आपली रोजगार हमी योजना आठवेल. दोन्हींत थेट धागा नाही, पण प्रश्न तोच आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातही लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेली. पण रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे यांचा आग्रह दुष्काळ सरल्यावरही टिकला. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, काम मागितल्यावर १५ दिवसांत ते न दिल्यास बेकारी भत्ता द्यायची जबाबदारी सरकारवर आली आणि पैशासाठी शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. अंमलबजावणीत हजार दोष असतील, पण मस्टर बंद केलं तर विचारायला कायद्याचा आधार होता.

अमेरिकेतही तशी संधी आली होती. कामगारमंत्री फ्रान्सेस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या आर्थिक सुरक्षा समितीत हॉपकिन्स सदस्य होते. जानेवारी १९३५ च्या अहवालात समितीने रोजगाराची शाश्वती हा सुरक्षेचा पहिला भाग मानला. ऑगस्टमध्ये सोशल सिक्युरिटी कायदा झाला तेव्हा त्यात निवृत्तिवेतन आलं, बेकारी विमा आला. रोजगाराची शाश्वती आली नाही. निवृत्तिवेतन आणि बेकारी विमा यांतूनही शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, म्हणजे दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार बाहेरच राहिले.

सरकारी कामं मात्र परत आली. एप्रिल १९३५ मध्ये ४८८ कोटी डॉलर मंजूर झाले आणि मेमध्ये हॉपकिन्स यांच्याच हाताखाली वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, डब्ल्यूपीए, सुरू झालं. ते आठ वर्षं चाललं आणि एकूण ८५ लाख लोकांना त्यातून कधी ना कधी काम मिळालं. न्यू डीलची ओळख म्हणून आज त्याचंच नाव घेतलं जातं. तिथे काम मिळवायचं तर आधी मदत कचेरीचा गरजूपणाचा दाखला आणावा लागे, आणि तोही घरटी एकालाच मिळे. मजुरी तासाच्या बाजारभावाने नव्हे, महिन्याला ठरलेल्या ‘सुरक्षा वेतना’ने. सुरुवातीच्या दरपत्रकात दक्षिणेतल्या खेड्यातल्या अकुशल मजुराचं वेतन महिन्याला १९ डॉलर होतं. सीडब्ल्यूएने त्याच मजुराला नोव्हेंबर १९३३ मध्ये आठवड्याला १२ डॉलर दिले होते.